दोन पडद्यांमधले गंधर्व

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एका लग्नाची कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून देशोदेशी निघाला, तेव्हा त्याला वळवून आणण्यासाठी पार्वतीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग गेली. प्रत्येक प्रांतात तिने नवा वेष केला, नवं नृत्य केलं, नवं गाणं म्हटलं. त्याचं मन हळूहळू वळत गेलं आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत दोघांचं गांधर्व विधीने लग्न लागलं. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम.

हजार वर्षांपूर्वीची ही कथा मला आठवते ती दुसऱ्या एका जुळणीच्या संदर्भात. एका बाजूला मराठी संगीत नाटक होतं आणि दुसऱ्या बाजूला नुकता बोलू लागलेला सिनेमा. दोन्ही घरं मोठी, दोघांनाही एकमेकांची ओढ. मराठी रंगभूमीवरचे सगळ्यात मोठे गायक नट 1932 ते 1937 या पाच-सहा वर्षांत कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. ज्यांनी महाराष्ट्राला प्रेमात पडलेल्या नायक-नायिकांची गाणी शिकवली, ते पडद्यावर आले. तरी त्यांच्यातल्या सर्वश्रेष्ठ गायकाच्या वाट्याला पडद्यावरची प्रेमकथा कधी आली नाही. हे असं का झालं, ते क्रमाने पाहण्यासारखं आहे.

युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात, त्याचा आपला भाऊबंद म्हणजे संगीत नाटक. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. दोन्ही नाटकांचा गाभा प्रेमाचा. एकात शकुंतला-दुष्यंत, दुसऱ्यात सुभद्रा-अर्जुन. पुढे खाडिलकरांनी ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ लिहिलं, तेव्हा हा शृंगार आणखी घरचा झाला. ‘मानापमान’मधली श्रीमंत भामिनी गरीब धैर्यधराला आधी झिडकारते आणि मग त्याच्यावरच जीव टाकते. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी तर विदर्भाचीच लेक. तिचं माहेर कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्यात आहे. नाटक मंडळ्या अकोला, अमरावती, खामगावला मुक्काम टाकत, तेव्हा वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला ‘स्वयंवर’ म्हणजे आपल्याच घरातल्या मुलीची गोष्ट वाटली असेल, यात मला शंका नाही.

ही रुक्मिणी, ही भामिनी, ही शकुंतला उभी करणारा माणूस एकच होता. नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888. लहानपणी पुण्यात गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव झालं. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरजेला शकुंतलेच्या वेषात प्रेक्षकांपुढे उभे राहिले. (कारंज्याहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीला आपल्याकडे ‘शकुंतला’च म्हणत. त्या नावाचा या शकुंतलेशी संबंध नाही, पण मला मात्र ते नाव घेतलं की दोन्ही आठवतात.)

स्त्रीची भूमिका पुरुषाने करायची ही त्या काळची रीत होती, आणि असे नट अनेक होते. बालगंधर्व त्या रीतीच्या पलीकडे गेले. त्यांचं पातळ नेसणं, अंबाडा, दागिने, चालणं-बोलणं घरोघरच्या बायका डोळ्यांत साठवून घेत आणि तसंच करू पाहत. गाण्याच्या बाजूला भास्करबुवा बखल्यांची तालीम, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. पद सुरू झालं की ऑर्गनचा सूर भरायचा, पहिली ओळ सरळ यायची, मग तीच ओळ निराळ्या वळणाने, मग आणखी निराळ्या. ‘वन्स मोअर’ची आरोळी उठायची आणि पुन्हा पहिल्यापासून. नाटक रात्रभर चालायचं. समोर पुरुष आहे हे प्रत्येकाला माहीत असायचं आणि दोन-तीन पदांनंतर कोणाच्या ध्यानात राहायचं नाही. या विसरण्यावरच सगळा डोलारा उभा होता. त्याला अंतर लागत होतं, रात्र लागत होती, आणि सावकाश फुलणारं गाणं लागत होतं.

आता एक योगायोग. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात झळकला. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे भारतीय चित्रपट आणि गंधर्वांची कंपनी एकाच वयाची भावंडं. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने ती भूमिका केली. त्या दिवशी रंगमंच आणि पडदा या बाबतीत सारखेच होते. दोन्हीकडे पुरुषच नायिका.

पहिली अठरा वर्षं चित्रपट मुका होता, त्यामुळे गाणाऱ्या नटाला त्याचं भय नव्हतं. मुक्या पडद्यावर गायकाचं काय होतं, हे अमेरिकेने पाहिलं होतं. जगातला सगळ्यात गाजलेला ऑपेरा गायक एनरिको कारुसो याला घेऊन 1918 मध्ये ‘माय कझिन’ नावाचा मूकपट निघाला. तो आपटला. त्याच्यापाठोपाठ तयार झालेला ‘द स्प्लेंडिड रोमान्स’ प्रेक्षकांपर्यंत धड पोचलाही नाही. ज्याचा आवाज ऐकायला लोक रांगा लावत, त्याचे नुसते हलणारे ओठ पाहायला कोण येणार? कारुसोच्या अंगावरून पडद्याने त्याचा सूरच काढून घेतला होता.

मग पडदा बोलू लागला. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ लागला. 6 फेब्रुवारी 1932 रोजी त्याच मॅजेस्टिकमध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. कथा तीच हरिश्चंद्राची, फाळक्यांची. पण आता तारामती होत्या दुर्गा खोटे, सुशिक्षित प्रतिष्ठित घरातल्या. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, गंधर्व नाटक मंडळीचे जुने भागीदार, ‘मानापमान’च्या चाली बांधणारे. संगीतही त्यांचंच. 1913 ची तारामती आणि 1932 ची तारामती शेजारी ठेवल्या की एका युगाचा शेवट डोळ्यांना दिसतो. मागोमाग प्रभातनेच ‘माया मच्छिंद्र’ काढला. स्त्रीराज्याच्या राणीत गुंतलेला योगी मच्छिंद्रनाथ टेंब्यांनी केला आणि राणी पुन्हा दुर्गा खोटे. गाणारा नट आणि खरी नायिका अशी प्रेमकथा, पुराणाच्या वेषात का होईना, मराठी पडद्यावर इथे उमटली. टेंब्यांनी तेव्हा पन्नाशी गाठली होती.

इकडे रंगभूमीच्या पायाखालची वाळू सरकत होती. कारणं अनेक होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. 1930 च्या जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाड-खानदेशात कापूस विकला गेला की लोकांच्या हातात पैसा खेळे, आणि नाटक कंपन्यांची गल्लाभरणी त्यावर अवलंबून असे. तो झराच आटला. नाटक कंपनी म्हणजे फिरतं गाव. नट, साथीदार, आचारी, पडदेवाले, सामानाचे डबे, रेल्वेचं भाडं, बिऱ्हाडाचं भाडं. बोलपटाची रिळं मात्र पत्र्याच्या पेटीत मावत आणि एकाच वेळी दहा गावांत फिरत. तिकीटही स्वस्त. नाट्यगृहांचे मालक एकामागून एक थिएटरं सिनेमाला देऊ लागले. शिवाय 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. ज्योत्स्ना भोळे तिथूनच पुढे आल्या. आता स्त्रीवेषातला पुरुष ही रीत राहिली नाही, ती जुनी गोष्ट झाली.

बालगंधर्वांवर कर्जही होतं. ‘द्रौपदी’ नाटकात मयसभा उभी करायला त्यांनी पैशाकडे पाहिलं नव्हतं. उत्तम तेच प्रेक्षकांना द्यायचं, मग घर रिकामं होवो, हा त्यांचा स्वभाव. वसंत शांताराम देसायांसारख्या जवळून पाहणाऱ्यांनी या स्वभावाबद्दल प्रेमाने आणि हळहळीने लिहून ठेवलं आहे. कर्ज फेडणं आणि कंपनी चालवणं या दोन्हीची ओढाताण वाढत गेली, आणि चाळिशी उलटलेल्या गंधर्वांपुढे प्रभातचं दार उघडलं.

गंधर्वांच्या आधी आणखी एकाने उडी मारली होती. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी ही गंधर्वांच्या तोडीची कंपनी. दीनानाथांचा आवाज तेजस्वी, तान विजेसारखी. 1934 मध्ये कंपनीने सांगलीत बळवंत पिक्चर्स काढली आणि ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट केला. चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर सोबत होते. बेडेकरांनी ‘एक झाड आणि दोन पक्षी’मध्ये त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. बोलपटाने पैसा आणला नाही, उलट होता तो नेला. त्यानंतर बळवंतचं वैभव परतलं नाही. नाटकाच्या जोरावर कमावलेलं एका चित्रपटात जातं, हा धडा सगळ्यांनी पाहिला, पण तोवर माघारी वळायलाही वाट उरली नव्हती.

प्रभात 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली होती. तिच्या पाच मालकांपैकी दिग्दर्शक व्ही. शांताराम लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते. पडेल ते काम करायचं, बारीकसारीक भूमिका करायच्या, आणि विंगेतून मालकांचं गाणं ऐकायचं. त्याच मुलाने वीस वर्षांनी बालगंधर्वांना ‘असं उभं राहा, इकडे पाहा’ असं सांगायचं होतं. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण फार हलवून जातो. शांतारामबापूंच्या मनातला आदर खरा होता, आणि गंधर्वांनीही विद्यार्थ्यासारखं ऐकायचं ठरवलं होतं, हेही तितकंच खरं.

पण कोणती भूमिका द्यायची? इथेच सगळं अडलं. रुक्मिणी देता येत नव्हती. पडद्यावर आता दुर्गा खोटे, शांता आपटे होत्या. सत्तेचाळीस वर्षांच्या पुरुषाला शालू नेसवून जवळून टिपणं कॅमेऱ्याला मानवणारं नव्हतं. कृष्ण किंवा धैर्यधर देणंही शक्य नव्हतं, कारण गंधर्वांनी जन्मभर प्रियकराकडे पाहिलं होतं ते नायिकेच्या डोळ्यांनी. उरला तो संत. प्रभातने एकनाथांचं चरित्र निवडलं. अस्पृश्याच्या घरी जेवणारा, माणसामाणसांतला भेद न मानणारा एकनाथ. चित्रपटाचं पहिलं नाव होतं ‘महात्मा’. त्या नावातून गांधीजी सूचित होतात म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि ‘धर्मात्मा’ असं नाव झालं. कथा-संवाद के. नारायण काळ्यांचे. एकनाथांची पत्नी रत्नप्रभा. छोट्या जाईच्या भूमिकेत वासंती, जी लोकांना फार आवडली. संगीत मास्टर कृष्णरावांचं. तेही बखलेबुवांचे शिष्य, गंधर्व मंडळीतले. त्यांचा हा पहिला चित्रपट आणि पुढे ते प्रभातचे मोठे संगीतकार झाले.

1935 मध्ये ‘धर्मात्मा’ आला. चित्रपट म्हणून तो नेटका होता, विषय धाडसाचा होता. पण लोक ज्यांना पाहायला आले होते ते त्यांना सापडले नाहीत. गंधर्वांचं गाणं त्यात होतं, आणि तरी ते गंधर्वांचं गाणं नव्हतं. त्या वेळी नटाने कॅमेऱ्यापुढे उभं राहूनच गायचं, साथीदारांनी चौकटीबाहेर बसायचं, आणि चित्र-सूर एकदमच टिपले जायचे. पद तीन-चार मिनिटांत आवरायचं. समोर प्रेक्षक नाही, ‘वन्स मोअर’ नाही, दाद नाही. जो गायक समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून पुढची जागा शोधायचा, त्याच्यासमोर फक्त भिंग होतं. आणि अंगावर पातळ नव्हतं, उपरणं होतं. कारुसोला पडद्याने आवाजावाचून दाखवलं. आपण गंधर्वांना त्यांच्या रुक्मिणीवाचून दाखवलं. नुकसान माझ्या मते सारखंच.

‘धर्मात्मा’नंतर प्रभात आणि बालगंधर्व यांची जोडी पुढे गेली नाही. पुढच्याच वर्षी प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. तेही एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे, गाणारे. मुंबईच्या सेंट्रलमध्ये तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे स्त्रीवेषातला गायक पडद्यावर संत म्हणून चालतच नव्हता, असं म्हणता येत नाही. फरक माझ्या दृष्टीने एवढाच की पागनीसांकडे येताना प्रेक्षकाच्या मनात दुसरी मूर्ती नव्हती. गंधर्वांकडे येताना प्रत्येकाच्या मनात भामिनी, रुक्मिणी आणि शकुंतला बसलेली होती. त्यांना बाजूला सारून एकनाथाला जागा द्यायची कोणाची तयारी नव्हती.

गंधर्वांनाही ते कळलं असावं. दोन वर्षांनी, 1937 मध्ये त्यांनी आपल्या ‘अमृतसिद्धी’ नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट केला. दिग्दर्शक कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. या वेळी गंधर्व पुन्हा स्त्रीवेषात, स्वतः मीरा होऊन उभे राहिले. कृष्णावर जीव ओवाळून टाकलेली मीरा, म्हणजे त्यांच्या हयातभराच्या शृंगाराला भक्तीचं रूप. त्यांना जे सगळ्यात चांगलं येत होतं, तेच त्यांनी मांडलं. पण आता एकोणपन्नासावं वर्ष होतं. रंगमंचापासून पहिली रांग जितकी दूर असे, त्याहून कॅमेरा किती तरी जवळ होता. रात्र, अंतर आणि सावकाश फुलणारं गाणं, या तिन्हींशिवाय ते विसरणं घडेना. चित्रपट पडला. गंधर्व पुन्हा नाटकाकडे वळले. दुसऱ्या वर्षी गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या आणि गंधर्वांच्या नाटकात नायिका स्त्री झाली. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि 15 जुलै 1967 रोजी ते गेले.

‘धर्मात्मा’च्याच सुमारास हॉलिवूडमध्ये मात्र गायिका ग्रेस मूर हिला घेऊन ‘वन नाइट ऑफ लव्ह’ हा प्रेमपट निघाला आणि तुफान चालला. ते साल 1934. तिथे गाणारी बाई पडद्यावर गाणारी बाईच राहिली, म्हणून ते जमलं. आपली अडचण आपल्याच रंगभूमीच्या रीतीतून आली होती.

या कथेचं खरं वळण 1935 सालात आहे. ‘धर्मात्मा’च्या त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूपछांव’ काढली आणि पार्श्वगायन सुरू केलं. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, मग नटाने त्यावर ओठ हलवायचे. गायकाने नट असण्याची आणि नटाने गायक असण्याची गरज संपू लागली. नटाचा चेहरा एकीकडे, गळा दुसरीकडे. दीनानाथ 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात वारले, वय फक्त एक्केचाळीस. त्याच वर्षी त्यांची थोरली लेक लता घर सावरायला ‘पहिली मंगळागौर’मध्ये पडद्यावर आली. तिला कॅमेरा आवडला नाही. पुढे ती पडद्यामागे गेली आणि देशभरातल्या नायिका तिच्या आवाजात प्रेम व्यक्त करू लागल्या. ‘कृष्णार्जुन युद्धा’त वडिलांनी जे गमावलं, त्याच्या किती तरी पट लेकीने मिळवलं. पण आवाज आणि रूप एकाच देहात नांदण्याचं संगीत नाटकाचं वैभव मात्र त्या वाटेवर कायमचं सुटलं.

आणि त्याच 1935 मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये एक वऱ्हाडी मुलगा कृष्ण होऊन पडद्यावर नाचला-गायला. जन्म 2 मे 1920, मूर्तिजापूर. कारंज्याहून शकुंतलेने जिथे उतरायचं तेच गाव. नाव वसंत देशपांडे. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे गेले, दीनानाथांच्या गायकीने भारावून गेले. पुढे बरीच वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गाणं जपलं. 1967 च्या डिसेंबरात, बालगंधर्व गेले त्याच वर्षी, ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं आणि वसंतरावांचे खाँसाहेब पाहून लोकांना कळलं की संगीत नाटक अजून जिवंत आहे.

ज्या गोष्टीची गंधर्वांच्या वेळी चुकामूक झाली, ती वसंतरावांच्या वाट्याला निराळ्या रूपात आली. 1979 मध्ये राजदत्तांनी ‘अष्टविनायक’ दिग्दर्शित केला. नायक सचिन, नायिका वंदना पंडित, संगीत अनिल-अरुण यांचं. श्रद्धेच्या प्रश्नातून जाणारी नवरा-बायकोच्या प्रेमाची कथा. नायिकेच्या वडिलांची भूमिका पंडित वसंतराव देशपांड्यांनी केली. रंगभूमीचा गायक, स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या गळ्याने, मराठी प्रेमपटात उभा राहिला. प्रियकर म्हणून त्याची जागा तिथे नव्हती. मुलगी सासरी निघते तेव्हा दाटलेल्या गळ्याने निरोप देणाऱ्या बापाची होती. ते गाणं महाराष्ट्रात आजही लग्नाच्या मांडवात लागतं आणि मांडव गप्प होतो.

चार वर्षांनी, 30 जुलै 1983 रोजी वसंतराव गेले. ‘मानापमान’वर मोठ्या खर्चाचा चित्रपट निघायला मात्र जानेवारी 2025 उजाडलं, नाटकानंतर एकशे चौदा वर्षांनी. त्यातली भामिनी स्त्रीच आहे, आणि तिचं गाणं दुसरं कोणी तरी गायलं आहे.